टाचेखालचा तुकडा

गाडीत कार्पेट घालायचं की नाही, एवढ्याशा विषयासाठी ताईने रविवारच्या सकाळी सगळ्यांना वरच्या मजल्यावर गोळा केलं, तेव्हाच मधल्याने ओळखायला हवं होतं की विषय कार्पेटचा नाही. पण गाडीपलीकडचं जग मधल्याला जरा उशिराच कळत असे. हे घरात सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं आणि पन्नाशी उलटल्यावर त्याचं त्यालाही पटायला लागलं होतं.

घर म्हणजे खाली दुकान, दुकानामागे शेड आणि डोक्यावर दोन मजले. दुकान गाड्यांच्या आतल्या कामाचं. सीट शिवायच्या, छताला कापड लावायचं, तळाला कार्पेट घालायचं. आजोबांनी ते काढलं, वडिलांनी म्हणजे नानांनी वाढवलं आणि आता धाकटा चालवत होता. तीन पिढ्यांचं पोट गावच्या गाड्या मऊ करण्यावर भरलं, आणि त्याच दुकानाच्या मागच्या शेडमध्ये मधल्याची दोन सीटांची स्पोर्ट्स कार तळाला नुसता उघडा पत्रा घेऊन उभी होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, हे धाकटा प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला शेडपर्यंत नेऊन दाखवायचा.

मधला दुकानात शिरलाच नाही. तो झाला चष्मेवाला. हलक्या फ्रेमचं त्याला वेड. त्याच्याकडचा चष्मा नाकावर असताना घरभर चष्मा शोधणारी गिऱ्हाइकं होती आणि तो त्यांना आपलं यश समजायचा. तेच वेड पुढे गाडीत गेलं. एक मोडकी गाडी आणून त्याने ती वर्षानुवर्षं उभी केली, आणि तिच्यात जाणारी प्रत्येक वस्तू आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढली. स्क्रू चढला, आरसा चढला, रंगाचा डबासुद्धा लावण्याआधी आणि लावल्यानंतर चढला. बायकोने शेवटी काट्याचा नाद सोडला आणि ती पीठ अंदाजाने घ्यायला लागली.

वजन न करता गाडीत काहीही जायचं नाही, हा घरातला कायदाच झाला होता. वजन जास्त भरलं की मधला त्या वस्तूला भोकं पाडायचा. पेडलला भोकं, हँडलला भोकं, आरशाच्या दांडीला भोकं. एकदा त्याने गाडीच्या किल्लीलाही भोकं पाडली आणि ती किल्ली भर भाजीबाजारात कुलपात तुटली. गाडी हलकी असल्यामुळे ढकलत घरी आणायला फारसा त्रास झाला नाही, हा मुद्दा त्याने त्या दिवशी जेवताना मांडला होता.

"नाना केस कापायला गेलेत," ताई खुर्ची ओढत म्हणाली. "ते परत यायच्या आत ठरलं पाहिजे." ताई तीसएक वर्षं इस्पितळात मेट्रन होती आणि निवृत्त झाल्यावर तिने घरालाच वॉर्ड करून टाकलं होतं. "दोन आठवडे झाले, नाना दुकानात नुसते रस्त्याकडे तोंड करून बसतात. काल चहात साखर नव्हती. प्यायले, कप ठेवला, एक शब्द नाही."

चहात साखर कमी पडल्यावर नाना बोलले नाहीत, असं या घरात कधी घडलं नव्हतं.

कारण सगळ्यांना माहीत होतं. वर्षभरापासून नानांचा उजवा हात थरथरत होता. वयाचा कंप आहे, जिवाला धोका नाही, औषधाने थोडा उतरेल, असं डॉक्टर म्हणाले होते आणि तो थोडासाच उतरला होता. तरी नाना रोज गळ्यात टेप घालून कापायला उभे राहत. मग दोन आठवड्यांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या सीटचं कापड वाकडं कापलं गेलं, चांगलं दोन बोटं. धाकट्याने दुकान बंद झाल्यावर ते गुपचूप पुन्हा कापलं. सकाळी नानांना आपलं वाकडं कापड भंगाराच्या पोत्यात दिसलं. नानांनी कात्री खिळ्याला अडकवली, टेप घडी करून गल्ल्यावर ठेवली आणि खुर्ची रस्त्याकडे वळवली.

"त्यांना काम हवंय," ताई म्हणाली. "आणि असं काम हवंय, की जरा वाकडं झालं तरी गिऱ्हाईक बोंब मारणार नाही. अशी गाडी या घरात एकच आहे."

सगळ्यांनी मधल्याकडे पाहिलं.

"माझी?" मधला म्हणाला. "कार्पेट? अगं ताई, खाली जाड फेल्ट, वर कार्पेट, कडेला पट्टी, चिकटवायचा गम. पाच किलो कुठे गेले नाहीत. पाच किलो! त्या आरशातले चाळीस ग्रॅम कमी करायला मला अख्खा पावसाळा लागला."

"पावसाळाभर तुम्ही शेडमध्ये होतात तो आरशासाठी?" बायकोने विचारलं. ती डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची आणि नवऱ्याशीही साधारण अशा आवाजात बोलायची, की पुढचा पेशंट आपोआप उठून उभा राहावा. "मला वाटलं, घरात माझी आई राहायला आली होती म्हणून."

"दोन्ही," मधला म्हणाला. खरं बोलायची त्याला अशी अवेळी हुक्की यायची.

"मी ताईंच्या बाजूने आहे," बायको म्हणाली. "त्या गाडीत बसलं की पाय भाजतात, आवाजाने कान बसतात. मागच्या वेळी मी तुम्हाला तासभर काहीतरी सांगत होते आणि तुम्ही शेवटी म्हणालात, हो, पेट्रोल भरलंय."

मधल्याने आशेने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याच्या हातून रोज कुणाच्या ना कुणाच्या गाडीत कार्पेट जात होतं, त्यामुळे तो पलीकडे जाणार हे उघड होतं. पण धाकटा टेबलावरचा चहाचा डाग बोटाने पुसत बसला होता.

"मी दादाच्या बाजूने," तो म्हणाला.

"तू?" ताई म्हणाली.

"कार्पेट नको. तुम्ही सगळे वर राहता. मी खाली असतो त्यांच्याबरोबर. ते वाकडं कापड पोत्यातून काढून त्यांनी हातात धरलं, तेव्हा मी समोर उभा होतो. पुन्हा एकदा वाकडं गेलं ना, तर खुर्ची रस्त्याकडे नाही, भिंतीकडे वळेल. त्यापेक्षा नकोच काही."

मधल्याला बाजू मिळाली, पण ती अशी मिळाली की तिचा आनंद होईना. त्याला एकदम वाटलं की आपण नानांच्या काळजीने बोलतोय असं सगळ्यांना वाटायला हवं. म्हणून तो घाईघाईने म्हणाला, "आणि मी काय नानांसाठी काही करत नाही असं आहे का? हात थरथरायला लागला तेव्हा ती हलकी कात्री कुणी आणली? लोखंडी कात्रीच्या निम्मीसुद्धा भरत नाही ती. बाहेरून मागवली. वाढदिवसाला काट्यावर ठेवून सगळ्यांना दाखवली."

"दाखवलीस," ताई म्हणाली. "केक थांबवून दाखवलीस."

मग धाकट्यालाच तोडगा सुचला. कार्पेट तोच कापेल, सोमवारी, नाना दुपारी झोपल्यावर. नानांनी सकाळी आखून थोडंसं कापायचं, उठल्यावर तुकडे बसवायचे, आणि सगळं आपणच कापलं असं त्यांना वाटू द्यायचं. ताईने क्षणभर विचार केला आणि मान हलवली. बायकोनेही हलवली. बघता बघता तिघं एका बाजूला झाले आणि मधला एकटा उरला.

"नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला. "नाना काय लहान मूल आहेत? त्यांच्या हाताचं काम आणि दुसऱ्याचं काम त्यांना ओळखू येणार नाही? ते नाटक माझ्या गाडीत नको."

"मग खरंखुरं त्यांनाच करू दे," ताई म्हणाली.

"पाच किलो, ताई."

बायको उठली. ती आत गेली, न्हाणीघरातला वजनकाटा घेऊन आली आणि तो तिने त्याच्या खुर्चीपुढे जमिनीवर ठेवला. "उभे राहा."

"हे बघ, याचा संबंध..."

"पुढचा पेशंट," बायको म्हणाली, आणि मधला उभा राहिला.

सवय वाईट असते. काट्यावर चढताना त्याने नकळत टेबलाच्या कडेवर बोट टेकवलं.

"बोट काढ," ताई म्हणाली.

त्याने बोट काढलं. मग तिघांनी खाली वाकून आकडा पाहिला. तो एकटाच पाहू शकला नाही, कारण त्याला स्वतःच्या पोटापलीकडे काही दिसत नव्हतं. आकडा काय होता हे कुणीच मोठ्याने बोललं नाही. धाकट्याने फक्त शीळ घातली.

"गाडी घेतलीत तेव्हापेक्षा चौदा किलो जास्त," बायको म्हणाली. "रोज सकाळी ही चौदा किलो त्या गाडीत बसून जातात. त्यांना कधी भोकं पाडलीत का? आधी ही पोटावरची कार्पेटं काढा, मग नानांच्या कार्पेटाचं बोला."

चाळीस ग्रॅमसाठी अख्खा पावसाळा शेडमध्ये काढणाऱ्या माणसाने आपलीच चौदा किलो मोजली नव्हती. याहून मोठा गाढवपणा या घराण्यात कुणी केला असेल तर तो मधल्याच्या ऐकिवात नव्हता. आजोबांनी एकदा आतून शिवता शिवता स्वतःलाच गाडीच्या छताला शिवून घेतलं होतं, पण ते निदान कामाच्या भरात. मधला काट्यावरून उतरला.

"घाला," तो म्हणाला. "तळाला घाला, दारांना घाला, उरलं तर मलाही घाला."

एवढ्यात जिन्यात नानांची पावलं वाजली. ते दारात आले तेव्हा त्यांचे केस ताजे कापलेले होते आणि कॉलरवर बारीक पांढरे केस पडले होते. चौघांनी एकदम हसून त्यांच्याकडे पाहिलं. बायकोने खुर्ची पुढे केली, धाकट्याने पंखा वाढवला आणि ताईने चक्क, "चहात साखर किती घालू?" असं विचारलं.

नाना खुर्चीत बसले नाहीत. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही हो नाना," ताई म्हणाली.

"मग एवढी गोड तोंडं कशाला?"

ताईने टेबलाखालून मधल्याला पाय मारला. मधल्याने घसा साफ केला.

"नाना, माझ्या गाडीत कार्पेट घालावं म्हणतोय. पूर्ण. तुम्ही घालाल का?"

नानांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या वजनकाट्याकडे, आणि मग एकेकाच्या चेहऱ्याकडे. त्यांचा उजवा हात खुर्चीच्या पाठीवर होता आणि खुर्ची बारीक खडखडत होती. त्यांनी हात काढून खिशात घातला.

"त्या गाडीला कार्पेट नको," ते म्हणाले.

हे उत्तर कुणाच्याच हिशोबात नव्हतं. ताईचं तोंड उघडं राहिलं.

"नको म्हणजे?" मधल्यानेच विचारलं. सकाळभर जे तो ओरडून सांगत होता ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकून तो गोंधळला. "गाडी तापते. आवाज होतो. हिचे पाय भाजतात."

"हिला चप्पल घालायला सांग. अरे, मी जन्मभर कार्पेट कशावर घातलं? गंजावर. पत्रा कुजला, भोक पडलं, जोड वाकडातिकडा लागला, की लोक माझ्याकडे यायचे. नाना, जरा चांगलं दिसू दे. मी चांगलं दिसू द्यायचो. झाकायचं काम आपलं. तुझ्या गाडीचा तळ मी पाहिलाय. तू तिथे नसताना जाऊन पाहिलाय. एक जोड लपवावा असा नाही. त्यावर मी काय घालू? आणि कशासाठी?"

चष्म्याच्या दुकानाला नानांनी कधी बरं म्हटलं नव्हतं आणि गाडीचं तर कधी नावही काढलं नव्हतं. गाडीचं कौतुक मिळालं ते असं, नकाराच्या पोटातून.

"आणखी एक," नाना म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला. "मला काम द्यायचं म्हणून कुणाची गाडी जड करू नका. मला कळतं सगळं." ते वळले आणि जिना उतरून गेले.

खोलीत पंखा फुल जोरात फिरत राहिला. मधला वाद जिंकला होता, तोही न्यायाधीशाकडून, आणि त्याला आतून फार वाईट वाटत होतं. आयुष्यात जिंकलेला हा त्याचा बहुधा पहिलाच वाद. जिंकल्यावर असं वाटत असेल तर हरलेलंच बरं, असं त्याच्या मनात आलं.

"जा," ताई म्हणाली. "माझ्याकडे काय बघतोस? जा त्यांच्यामागे."

नाना शेडमध्ये होते. गाडीचं छत काढलेलं होतं आणि ते दाराला हात लावून आत बघत होते. मधला आला तसे ते म्हणाले, "धर जरा." त्या गाडीत बसणं म्हणजे बसणं कमी आणि पडणं जास्त. मधल्याने त्यांना काखेत धरलं आणि दोघंही कण्हत कण्हत, एकमेकांवर वैतागत, नानांना ड्रायव्हरच्या सीटवर उतरवण्यात यशस्वी झाले.

नानांनी पाय पेडलकडे नेले. मग ते वाकले आणि डाव्या हाताने खालचा पत्रा चाचपला.

"इथे काय झालंय?"

मधला दारातून आत वाकला. उजव्या पेडलखाली, जिथे टाच टेकते, तिथला पत्रा चकचकीत घासला गेला होता आणि त्याला बोटभर खळगा पडला होता. एका कडेला पत्रा इतका झिजला होता की बोटाने दाबला की आत जात होता.

"टाचेने झिजलाय," मधला म्हणाला. "मी तिथला पत्रा जरा पातळ घेतला होता."

"वजनासाठी."

"वजनासाठी."

"आणि वरून ही टाच." नानांनी एकदा त्याच्या पोटाकडे पाहिलं. वरची बातमी खाली यायला या घरात कधीच वेळ लागत नसे. "असंच चालू ठेवलंस तर पुढच्या उन्हाळ्यात तुझी टाच रस्त्यावर घासेल. ब्रेकची गरज उरणार नाही."

मधला हसला. नाना हसले नाहीत, पण त्यांचे डोळे त्या खळग्यावरून हलेनात. ती नजर मधल्याला लहानपणापासून ठाऊक होती. गिऱ्हाईक बोलत असताना नाना असेच गाडीच्या कुठल्यातरी कोपऱ्याकडे बघत राहायचे, आणि मग गिऱ्हाइकाचं बोलणं संपायच्या आत काम सुरू झालेलं असायचं.

"इथे एक तुकडा हवा," नाना म्हणाले. "खाली रबर, वर दाट लवीचं कार्पेट, टाच फिरते तेवढाच. बाकी गाडी अशीच राहू दे."

"मग तो तुकडा करा, नाना."

नानांनी खिशातून उजवा हात काढला आणि मांडीवर ठेवला. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. मधल्याला वाटलं, आता ते पुन्हा नाही म्हणणार आणि जिना चढून खोलीत जाणार, आणि मग ते कायमचंच होणार.

"किती वजन चालेल?" नानांनी विचारलं.

"साठ ग्रॅम," मधला म्हणाला. हे त्याच्या तोंडून आपोआप निघालं, आणि तो स्वतःवरच चडफडला. बाप हात पुढे करतोय आणि हा ग्रॅम सांगतोय.

पण नानांनी मान डोलावली. "साठ. बघू. कात्री आण."

मधला दुकानात धावला. खिळ्याला दोन कात्र्या लटकत होत्या, एक नानांची जुनी लोखंडी आणि एक त्याने आणलेली. त्याने अर्थातच आपली उचलली, टोपलीतून कार्पेटाचा तुकडा, रबर आणि खडू घेतला आणि परत आला. नाना एव्हाना कसेबसे बाहेर येऊन शेडमधल्या टेबलापाशी बसले होते. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरून खडूने आकार काढला. मग हलकी कात्री उचलली.

कात्री हातात घेतली मात्र, तिची पाती कार्पेटाच्या कडेवर टकटक वाजायला लागली. नानांनी ती दाबली. हात आणखीनच उडाला. पहिलाच काप खडूच्या रेघेतून बाहेर गेला. नानांनी कात्री टेबलावर ठेवली.

"ही नको," ते म्हणाले. "माझी आण."

"पण ती जड आहे, नाना."

"म्हणून तर. ही हातात आहे की नाही तेच कळत नाही. हाताला धरायला काही मिळत नाही, मग तो उडतो. जड असली की जरा खाली बसतो."

मधला उभाच राहिला. त्याच्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली, आणि प्रत्येक गोष्ट बसताना त्याला टोचली.

"ती सीट," तो म्हणाला. "वाकडी गेली ती. कुठल्या कात्रीने कापत होता?"

नानांनी टेबलावरच्या हलक्या कात्रीकडे बोट केलं. "हिने."

"कधीपासून हिनेच कापताय?"

"वाढदिवसापासून."

"वर्ष होत आलं! अहो, बोलला का नाहीत?"

"तू आणलीस ना," नाना म्हणाले. ते कार्पेटावरचा खडू झटकत होते. "एवढी बाहेरून मागवलीस. काट्यावर ठेवून सगळ्यांना दाखवलीस. दुकानात मला म्हणून काही आणलंस ते पहिल्यांदाच. ती खिळ्याला टांगून मी लोखंडी वापरू? तुला काय वाटलं असतं?"

मधल्याला काय वाटलं असतं ते सोडा, आता जे वाटत होतं ते त्याला सोसवेना. जगातली सगळ्यात हलकी कात्री त्याने हौसेने आणली आणि बापाच्या गळ्यात धोंड बांधली. वर सकाळी टेबलावर बसून तिची फुशारकीही मारून झाली होती. त्याला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून नानांनी विचारलं, "ठसका लागला का?"

"नाही," मधला म्हणाला. "आणतो."

त्याने लोखंडी कात्री आणली. तिच्या मुठीवरचं काळं कापड नानांच्या अंगठ्याने गुळगुळीत झालेलं होतं. नानांनी ती हातात तोलली आणि पाती कार्पेटावर टेकवली. थरथर गेली नाही. ती होतीच, पण कात्रीच्या वजनाखाली दबून राहिली. नानांनी श्वास सोडला आणि कापायला सुरुवात केली. पातं रेघेवरून पुढे सरकत होतं, मधूनच अडत होतं, थांबत होतं आणि पुन्हा रेघेवर येत होतं. लोखंडी कात्रीने कापल्याचा तो जाड, ओळखीचा आवाज मधल्याने वर्षभरात ऐकला नव्हता, आणि आपण तो ऐकला नाही हेही त्याच्या आत्ताच लक्षात आलं.

आवाज वरही गेला असावा. कारण धाकटा दारात येऊन उभा राहिला, त्याच्यामागे ताई आणि ताईच्या खांद्यावरून बायको. कुणी आत आलं नाही.

नानांनी रबराचा तुकडाही कापला, दोन्ही चिकटवले आणि कडा अंगठ्याने दाबल्या. एका बाजूला कड थोडी वळली होती. ती नानांना दिसली आणि मधल्याला दिसली. धाकट्याला तर दारातून दिसली असणार.

"झाला," नाना म्हणाले.

मधल्याने तुकडा उचलला. तो अजून नानांच्या हाताने ऊबदार होता. त्याच्या मनात एकच आलं, की हा असाच, आत्ताच्या आत्ता, जसा आहे तसा गाडीत घालायचा. आयुष्यात पहिल्यांदा वजन न करता. तो गाडीकडे वळला.

"कुठे निघालास?" नानांनी विचारलं.

"बसवतो."

"काटा कुठाय?"

"काट्याचं काय नाना, एवढासा तुकडा..."

"वजन न करता त्या गाडीत काही जात नाही," नाना म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, दोन आठवड्यांत पहिल्यांदा. "तुझ्या आरशाला काटा, स्क्रूला काटा आणि माझ्या कामाला नाही? माझ्यावर दया करतोस काय? ठेव काट्यावर."

स्वयंपाकघरातला काटा शेडमध्येच होता, तो दुसरीकडे असणारच कुठे. मधल्याने तुकडा त्यावर ठेवला. आकडा वरखाली झाला आणि स्थिर झाला. मधल्याने मागे वळून पाहिलं. दारातून ताई डोळ्यांनीच त्याला बजावत होती. तिच्या त्या नजरेने वॉर्डचे वॉर्ड शांत झाले होते. बायकोनेही ओठावर बोट ठेवलं होतं. खोटं बोलायला इतकी सोपी जागा त्याला पुन्हा मिळाली नसती.

त्याने नानांकडे पाहिलं. नाना कात्री हातात धरून वाट बघत होते, मान थोडी तिरकी, कान त्याच्याकडे.

"जड आहे, नाना," मधला म्हणाला. "साठ ठरलं होतं. हा ब्याऐंशी भरतोय. आणि डावी कड वळलीय."

"अरे, तुला काही लाज?" ताई दारातून ओरडली. "इतक्या दिवसांनी त्यांनी कात्री धरली, आणि तू..."

"गप्प बस गं," नाना म्हणाले. त्यांनी तुकडा काट्यावरून ओढून घेतला आणि गळ्यात टेप नाही हे लक्षात येऊन टेपसाठी धाकट्यापुढे हात केला. "गिऱ्हाईक बोलतंय."